फोटो सुधारायचे आहेत, सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? नाशिकच्या नवशिक्यांसाठी

फोटो अंधारा आलाय. मंदिराचा कळस एका बाजूला कललाय. पैठणीचा जांभळा रंग निळा दिसतोय. नाहीतर भरतीच्या अर्जाला फोटो ५० केबीच्या आत हवाय. नवशिक्या माणसाला एडिटिंगचं सॉफ्टवेअर लागतं ते बहुतेक वेळा या चार कामांसाठी, आणि यातल्या एकाही कामाला आज पैसे मोजावे लागत नाहीत. तरीही नवीन कॉम्प्युटर जोडून घेताना दुकानात ‘तेवढं फोटोशॉपही टाकून द्या’ असं सांगितलं जातं आणि कुठली तरी क्रॅक केलेली प्रत मशिनमध्ये येऊन बसते. ती घेऊ नका. अशी प्रत चालवण्यासाठी अनेकदा अँटीव्हायरस बंद करावा लागतो, आणि त्याच मशिनवर तुमचं बँकेचं काम चालतं. शिवाय ती बेकायदा असते आणि तिला अपडेट मिळत नाहीत. मोफत पर्याय इतके चांगले असताना हा धोका कशासाठी?

निवड करताना नावापासून सुरुवात करू नका, आपल्या फोटोंपासून करा.

आधी तीन फोटो बाजूला काढा

कोणतंही सॉफ्टवेअर उतरवण्यापूर्वी स्वतःचेच तीन अवघड फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. पहिला कडक उन्हातला, ज्यात खूप उजेड आणि खूप सावली दोन्ही आहेत: काळाराम मंदिराचा काळा पाषाण आणि वर दुपारचं आभाळ. दुसरा मिश्र प्रकाशातला: साडीच्या दुकानात आत एलईडी आणि दारातून ऊन, किंवा लग्नाच्या हॉलमधले रंगीत दिवे. तिसरा साधा, माणसाच्या चेहऱ्याचा. पुढे जे सॉफ्टवेअर वापरून बघाल ते याच तिघांवर बघा. जाहिरातीतले नमुना फोटो मुळातच चांगले काढलेले असतात, त्यामुळे त्यांच्यावर कुठलंही सॉफ्टवेअर छानच दिसतं.

फोटो मूळ फाइलच असू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो आकाराने लहान केलेला आणि दाबलेला असतो. त्यात सावली उजळायला गेलात की चौकोनी डाग दिसू लागतात आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. कुणाकडून फोटो मागवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगा.

मशिन काय आहे ते पाहा

१२ मेगापिक्सेलचा फोटो मेमरीत उघडला की रंगाच्या तीन वाहिन्या धरून साधारण ३६ एमबी जागा घेतो. ५० मेगापिक्सेलचा असेल तर १५० एमबी, आणि हे फक्त एका लेयरचं, म्हणजे फोटोवर एकावर एक ठेवता येणाऱ्या थरांपैकी एकाचं. चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर १२ मेगापिक्सेलचं काम निभतं. ५० मेगापिक्सेलचे फोटो आणि तीन-चार लेयर असं सुरू केलंत की मशिन अडकतं. आठ जीबी रॅम आणि एसएसडी (वेगवान डिस्क) असेल तर या लेखातलं सगळं काही चालेल. फक्त डार्कटेबल या सॉफ्टवेअरला जरा बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड मिळालं तर ते खुलतं, नाहीतर प्रत्येक स्लायडर हलवल्यावर थांबावं लागतं.

कॉम्प्युटर नसेल तर फोन पुरतो. हे समजूत काढण्यासाठी लिहिलेलं नाही. आजच्या फोनवरची चांगली अ‍ॅप उजेड, रंग, क्रॉप ही कामं कॉम्प्युटरइतकीच नीट करतात.

कोणाला काय

फोनवर स्नॅपसीड. हे अ‍ॅप बनवणारी कंपनी गुगलने २०१२ मध्ये घेतली. अ‍ॅप मोफत आहे, जाहिराती नाहीत, आणि फोटोवर शिक्का उमटवत नाही. तुमचे फोटो घरचे, फिरतीचे, दुकानातल्या मालाचे असतील तर बहुधा इथेच थांबता येईल. लाइटरूमचं फोन अ‍ॅपही चांगलं आहे. त्यातले उजेडाचे आणि रंगाचे मूळ स्लायडर मोफत मिळतात, पण नको ती वस्तू पुसणं, ठरावीक भागापुरतं बदलणं यांसारखी काही हत्यारं पैसे भरल्यावरच उघडतात.

विंडोजवर काही उतरवण्यापूर्वी आधीपासून असलेलं ‘फोटोज’ उघडून पाहा. क्रॉप, सरळ करणं, एक्सपोजर (एकूण उजेड), हायलाइट (फोटोतले उजळ भाग), शॅडो (सावलीचे भाग), उबदारपणा, सगळं त्यात आहे. आठवड्याला पाच-सात फोटो असतील तर वेगळं काही लागणारच नाही.

कॉम्प्युटर सायबर कॅफेतला किंवा ऑफिसचा असेल, त्यावर काही इन्स्टॉल करता येत नसेल, तर फोटोपी. ते ब्राउझरमध्ये चालतं, दिसायला फोटोशॉपसारखं आहे, फोटोशॉपची पीएसडी फाइल उघडतं. फोटो त्यांच्या सर्व्हरवर चढत नाही, तुमच्याच मशिनवर राहून काम होतं. बाजूला जाहिराती दिसतात, एवढीच त्याची किंमत. घरच्यांचे कागदपत्रांचे फोटो कुठल्याही अनोळखी ‘फोटो रिसाइज’ साइटवर चढवण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

थोडं शिकायची तयारी असेल तर जिम्प. ते १९९० च्या दशकापासून चालत आलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे, कायमचं मोफत. २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून त्यात केलेले बरेचसे बदल नंतर उघडून पुन्हा बदलता येतात, त्यामुळे जुनी आवृत्ती कुणी पेन ड्राइव्हवर देत असेल तर घेऊ नका. लोक जिम्प सोडून देतात त्याचं एक ठरलेलं कारण आहे: ‘सेव्ह’ केल्यावर एक्ससीएफ नावाची फाइल तयार होते आणि ती फोटो छापणाऱ्या लॅबमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर उघडत नाही. जेपेग हवी असेल तर ‘सेव्ह’ नव्हे, फाइल मेनूतलं ‘एक्सपोर्ट अ‍ॅज’ वापरायचं. एवढं कळलं की निम्मी अडचण संपते.

अफिनिटी हे पूर्वी एकदाच पैसे भरून घ्यायचं सॉफ्टवेअर होतं. २०२४ मध्ये कॅनव्हाने ते विकत घेतलं आणि २०२५ च्या ऑक्टोबरअखेर त्याची नवी आवृत्ती मोफत केली. कॅनव्हाचं खातं उघडावं लागतं, आणि एआयची हत्यारं हवी असतील तर पैसे. बाकी मूळ काम पूर्ण मिळतं. आठ जीबी रॅम असलेल्या नवशिक्याने जिम्प आणि अफिनिटी दोन्ही एकेक आठवडा वापरून पाहावीत. अफिनिटी अंगवळणी लवकर पडतं. जिम्पला खातं लागत नाही आणि ते जुन्या मशिनवर चालतं.

कॅमेरा घेतला असेल आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो) काढत असाल, तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी. दोन्ही मोफत. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिट रॉ मध्ये १६,३८४. नांदूर मध्यमेश्वरला पहाटेच्या धुक्यात काढलेला करकोचा सावलीतून बाहेर काढायचा असेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो. दोन्ही सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात लावत नाहीत. केलेले बदल शेजारी एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतात: डार्कटेबलची एक्सएमपी, रॉथेरपीची पीपी३. कचरा समजून या फाइली उडवल्या, किंवा फोटो दुसऱ्या डिस्कवर नेताना त्या मागे राहिल्या, की नवीन मशिनवर सगळी मेहनत परत करावी लागते. फोल्डर हलवायचं तर अख्खं हलवा.

उतरवताना एक काळजी. शोधल्यावर सर्वात वर येते ती अनेकदा जाहिरात असते आणि ती भलत्याच साइटवर नेते. जिम्प डॉट ऑर्ग, डार्कटेबल डॉट ऑर्ग असा पत्ता स्वतः टाइप करा, नाहीतर जिम्प विंडोजच्या स्टोअरमधून घ्या.

पहिला फोटो: काळा दगड, पांढरं आभाळ

आता चाचणीचा पहिला फोटो घ्या. कॅमेरा समोरचं सगळं दृश्य सरासरी मध्यम करड्या उजेडाचं समजून चालतो. चौकटीत काळा पाषाण जास्त असला की त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो उजेड वाढवतो. दगड राखाडी होतो आणि आभाळ कोरं पांढरं पडतं. म्हणून सुधारणेची पहिली पायरी फोटो काढतानाच: फोनवर आभाळाच्या कडेला बोट टेकवा आणि शेजारचा सूर्याचा स्लायडर थोडा खाली ओढा. थोडी अंधारी सावली नंतर उजळता येते. पांढरं जळालेलं आभाळ परत आणता येत नाही, कारण तिथल्या प्रत्येक पिक्सेलमध्ये तिन्ही रंग २५५ वर टेकलेले असतात आणि आत काही शिल्लकच नसतं.

स्नॅपसीडमध्ये क्रम असा ठेवा. आधी ‘रोटेट’ करून फोटो सरळ करा. खालून काढल्यामुळे शिखर मागे रेललेलं दिसत असेल तर ‘पर्स्पेक्टिव्ह’ने उभं करा, पण पूर्ण नको. थोडं झुकलेलं राहू दिलं तरच ते खरं वाटतं. मग क्रॉप. त्यानंतर ‘ट्यून इमेज’. बोट वर-खाली फिरवलं की पर्याय बदलतो, डावी-उजवीकडे सरकवलं की त्याचा आकडा बदलतो. सुरुवातीला हायलाइट उणे ४०, शॅडो अधिक २५, ब्राइटनेस उणे १० असे आकडे ठेवून पाहा आणि तिथून आपल्या फोटोप्रमाणे कमीजास्त करा. शॅडो ६०-७० पर्यंत नेलंत तर दगडावर रंगीत कण दिसायला लागतात आणि काळा पाषाण सिमेंटसारखा होतो. दगड काळाच राहिला पाहिजे, फक्त त्यातलं कोरीवकाम दिसलं पाहिजे. सॅच्युरेशनला (रंगांच्या भडकपणाला) हात न लावलेलाच बरा, फार तर अधिक १०.

हिस्टोग्राम नावाचा छोटा डोंगरासारखा आलेख दिसतो तो वाचायला शिका. डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड. उजव्या भिंतीला चिकटून उंच सुळका उभा असेल तर तेवढा भाग जळाला. अशा आभाळावर हायलाइट कितीही ओढलं तरी निळं येत नाही, मळकट राखाडी येतं. त्यापेक्षा क्रॉप करून आभाळ कमी करा.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये हायलाइट आणि शॅडो वेगवेगळे हलवता येत नाहीत, नुसतं ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट आहे, ते या पहिल्याच फोटोवर बाद करा.

दुसरा फोटो: पैठणीचा खरा रंग

येवल्याची पैठणी विकणाऱ्यांना, ऑनलाइन माल दाखवणाऱ्यांना याचा सर्वात जास्त त्रास. ग्राहक रंग पाहून मागवतो आणि घरी आल्यावर ‘हा तो रंग नाही’ म्हणून परत करतो. कारण दोन. एक, दारातलं ऊन आणि आतला दिवा यांचे रंग वेगळे, आणि कॅमेऱ्याला एकाच वेळी दोघांची दुरुस्ती करता येत नाही. दोन, चौकटभर एकच गडद रंग असला की ऑटो व्हाइट बॅलन्स (प्रकाशाप्रमाणे रंग आपोआप जुळवणारी सोय) त्यालाच प्रकाशाचा दोष समजून विरुद्ध बाजूला रंग ढकलतो. लाल साडी फिकी पडते, जरीचा काठ सोनेरीऐवजी हिरवट दिसतो.

उपाय असा. आतले दिवे बंद करा, साडी दारापाशी सावलीत पसरा, ऊन थेट नको. पहिल्या फोटोत साडीवर कोरा पांढरा कागद ठेवा. झेरॉक्सच्या कागदात निळसर चमक असते, म्हणून जमल्यास करड्या रंगाचं कार्ड वापरा, फोटोग्राफीच्या दुकानात मिळतं. नंतरच्या फोटोंतून कागद काढून टाका, पण जागा आणि प्रकाश बदलू नका.

स्नॅपसीडमध्ये ‘व्हाइट बॅलन्स’ उघडा, पिचकारीसारखं चिन्ह दाबा आणि ते कागदावर आणा. जिम्पमध्ये ‘कलर्स’ मेनूतून ‘लेव्हल्स’ उघडा आणि करड्या बिंदूची पिचकारी निवडून कागदावर टिचकी मारा. कागद खूप उजळ येऊन जळाला असेल तर पिचकारी चुकीचं मोजते, अशा वेळी कागदाचा सावलीकडचा कोपरा घ्या.

आता तोच बदल बाकीच्या चाळीस फोटोंना लावायचा आहे. इथे सॉफ्टवेअरांमधला खरा फरक कळतो. डार्कटेबल, रॉथेरपी, लाइटरूम यांमध्ये एका फोटोवरचे बदल कॉपी करून बाकी सगळ्यांवर एकदम पेस्ट करता येतात. जिम्प आणि फोटोपी एकेका फोटोसाठी बनलेले आहेत, तिथे हे सहज होत नाही. रोज पाच फोटो असतील तर फरक पडत नाही. मालाचे शंभर फोटो असतील, तर जिम्प कितीही चांगलं असलं तरी ते तुमचं सॉफ्टवेअर नव्हे. डार्कटेबल आणि रॉथेरपी जेपेगवरही काम करतात, फक्त रॉसाठीच आहेत असा समज करून घेऊ नका.

काम करताना स्क्रीनचा रात्रीचा पिवळसर मोड बंद आहे ना, एवढं बघा. तो चालू ठेवून साडीचा रंग ‘सुधारला’ की सगळे फोटो निळे होतात.

अर्जाचा फोटो

बँक भरतीच्या आयबीपीएसच्या अर्जाला फोटो २०० × २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी असा मागतात, सही १४० × ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात.

पहिली: स्टुडिओतला पासपोर्ट फोटो ३५ × ४५ मिलिमीटरचा, म्हणजे जास्त उभट असतो. तो थेट २०० × २३० मध्ये बसवला की चेहरा आडवा ताणला जातो. म्हणून फोटोपी किंवा जिम्पमध्ये क्रॉपचं हत्यार घेऊन प्रमाण २००:२३० असं बांधून घ्या, डोक्याच्या वर थोडी जागा सोडून क्रॉप करा, आणि मगच ‘इमेज साइज’मध्ये आकडे टाका.

दुसरी: सगळे फाइल मोठी होईल म्हणून घाबरतात, प्रत्यक्षात ती २० केबीच्या खाली जाते. एवढ्या छोट्या फोटोला क्वालिटी ८० ठेवली की फाइल बारा-पंधरा केबीच भरते आणि अर्ज ती नाकारतो. एक्सपोर्ट करताना क्वालिटीचा स्लायडर ९५ ते १०० कडे न्या. फोटोपीमध्ये फाइलचा आकार तिथेच दिसतो. जिम्पमध्ये प्रिव्ह्यूची खूण केली की दिसतो. २५-३० केबीवर आणून थांबा.

घरातल्या मुलांचे फोटो सार्वजनिक ठिकाणी टाकणार असाल तर जिम्पच्या त्याच एक्सपोर्टच्या चौकटीत एक्झिफसमोरची (फोटोसोबत साठवलेल्या माहितीसमोरची) टिक काढून टाका. फोटो कुठे काढला त्याची जागा त्या माहितीत असू शकते.

पैसे कधी द्यावेत

फोटोंमधून कमाई सुरू झाली आणि मोफत सॉफ्टवेअरमध्ये जाणारा वेळ मोजता येऊ लागला, की द्यावेत. त्याआधी नाही. देताना तीन प्रश्न विचारा: हे पैसे एकदाच की दरमहा? बंद केल्यावर माझी संपादनं उघडतील का? आणि मध्येच बंद केलं तर दंड आहे का? काही योजनांमध्ये पैसे दरमहा कापले जातात पण करार वर्षाचा असतो, आणि पहिल्या थोड्या दिवसांनंतर सोडलं तर रक्कम आकारली जाते. फुकट चाचणीसाठी ऑटोपे मंजूर केलात तर शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधीचा अलार्म त्याच क्षणी लावा. ‘एकदाच घ्या’ म्हणून प्रसिद्ध असलेलं फोटोशॉप एलिमेंट्सही आता तीन वर्षांच्या मुदतीवर मिळतं, हे ध्यानात ठेवून हिशेब करा.

२०२७ च्या सिंहस्थात फोटो काढायचा बेत असेल तर सॉफ्टवेअर आत्ताच ठरवून हात बसवून घ्या. पर्वणीच्या दिवशी हजारभर फोटो जमतात, आणि त्या रात्री नवीन मेनू शोधत बसणं परवडत नाही.

प्रिंटला देण्यापूर्वी

चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरा. ४ × ६ ला १२०० × १८००, ८ × १२ ला २४०० × ३६००. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० असतो, म्हणजे ८ × १२ सहज निघतो. पण पक्षी लहान आला म्हणून चौकटीचा चौथाच भाग ठेवलात तर उरतात २००० × १५००, आणि तो साडेसहा-पाच इंचांपुरताच.

फोनचा फोटो ४:३ प्रमाणात, तर ४ × ६ चा कागद ३:२ प्रमाणात. आपण क्रॉप केला नाही तर मशिन करतं, आणि ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्यांची डोकी किंवा खाली बसलेल्यांचे पाय जातात. म्हणून घरीच ३:२ ने क्रॉप करा. रंगासाठी एसआरजीबी (रंगांची सर्वसाधारण पद्धत) ठेवा, जेपेग क्वालिटी ९५. शार्पनिंग (कडा ठळक करणं) सर्वात शेवटी, आकार ठरल्यावर, आणि १०० टक्के झूम करून बघत. कडांना पांढरी रेघ दिसली की जास्त झालं.

प्रिंट अंधारी येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे घरी स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवलेली असते. ती निम्म्यावर आणून फोटो पुन्हा बघा. लॅबमध्ये ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर तुम्ही जपलेला काळा दगड तिथलं मशिन परत राखाडी करेल. पूर्ण अल्बम देण्याआधी तीनही चाचणीचे फोटो ४ × ६ मध्ये काढून घ्या, दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात सावलीत धरा आणि स्क्रीनशी ताडून पाहा. अंधारे वाटले तर घरी एक्सपोजर थोडं वाढवून तेवढेच तीन पुन्हा काढा, आणि जुळलेला आकडा लिहून ठेवा. त्या लॅबसाठी पुढच्या वेळीही तोच लागेल.